कुंपणालगतची माती वाचणारा

गाझा पट्टीच्या कुंपणाला लागून इस्रायलच्या बाजूने मऊ मातीचा एक कच्चा पट्टा जातो. लष्कराची गाडी मागे काटेरी तारेची जड वेटोळी ओढत त्या पट्ट्यावरून फिरते आणि आधीचे सगळे ठसे मोडून माती पाटीसारखी कोरी करून ठेवते. रात्री कोणी कुंपण ओलांडून आत आलेच, तर त्याचे पाऊल या मातीवर उमटल्यावाचून राहत नाही, आणि पहाटे ते पाऊल वाचण्यासाठी गस्तीच्या सर्वांत पुढे जो माणूस चालतो त्याला हिब्रूत 'गशाश' म्हणतात. हे काम करणारे बहुतेक जण बेदुईन अरब असतात, म्हणजे पूर्वी कळप घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांतले इस्रायलचे मुस्लिम नागरिक, ज्यांना लष्करी सेवेची सक्ती नाही आणि जे स्वेच्छेने भरती होतात. मी ज्याच्याविषयी लिहीत आहे तो तरुण अशाच एका पट्ट्यावर, वयाची पंचविशी गाठण्याआधी, पेरून ठेवलेल्या बॉम्बच्या स्फोटात मरण पावला. त्याचे नाव, त्याची टोळी, गाव आणि वर्ष मी देणार नाही, कारण त्याच्या घरच्यांनी लष्करालाही त्याचे नाव प्रसिद्ध करू दिलेले नाही. त्याची थोरली बहीण बेअर शेवा येथील विद्यापीठात माझी सहकारी आहे. इथे जे सांगते आहे त्यातले बरेचसे तिच्याकडून आणि तिच्या आईकडून ऐकलेले आहे, आणि तिच्या संमतीनेच लिहिते आहे.

दक्षिण इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटात नव्याने येणाऱ्या आपल्यासारख्या माणसाला महामार्गावरून जाताना पत्र्याच्या घरांचे विखुरलेले पुंजके दिसतात, पण तिकडे वळणाऱ्या रस्त्यावर गावाच्या नावाची पाटी दिसत नाही. अशी पस्तीसच्या आसपास गावे आहेत ज्यांना सरकारी मान्यता नाही. मान्यता नाही म्हणून विजेची तार नाही, सांडपाण्याची व्यवस्था नाही, घर बांधण्याचा परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणून प्रत्येक घर बेकायदा ठरते व ते केव्हाही पाडता येते. अल-अराकीब हे गाव जुलै २०१० पासून दोनशेहून अधिक वेळा पाडले गेले आहे आणि गावकऱ्यांनी दर वेळी ते पुन्हा उभारले आहे. माझ्या सहकारिणीचे गावही मान्यता नसलेलेच. छपरावर सौर पट्ट्या, अंगणात पाण्याच्या काळ्या टाक्या, आणि पावसाळ्यात ओढा भरला की शाळेची गाडी अडणारी वाट. तिचे वडील तीच गाडी चालवतात.

हे कुटुंब इथे आपखुशीने येऊन राहिलेले नाही. १९४८ पूर्वी नेगेवमध्ये पासष्ट ते नव्वद हजार बेदुईन असावेत असे अंदाज आहेत. इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धानंतर उरले ते अकरा हजारांच्या आसपास. बाकीचे गाझा, सिनाई, जॉर्डन आणि हेब्रॉनच्या डोंगरांकडे गेले किंवा घालवले गेले. उरलेल्यांना बेअर शेवा, अराद आणि दिमोना यांच्या मधल्या एका बंदिस्त टापूत आणून बसवले गेले आणि १९६६ पर्यंत त्यांच्यावर लष्करी अंमल होता. टापूबाहेर जायचे तर परवाना काढावा लागे. आजोबांना पश्चिमेकडची जमीन सोडताना 'थोड्या महिन्यांसाठी' असे सांगण्यात आले होते, अशी आठवण घरात अजून सांगितली जाते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारने बेदुईनांसाठी एकूण सात वसाहती वसवल्या. त्यांतल्या रहातला १९९४ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. परंतु तिथे जाणे म्हणजे जुन्या जमिनीवरचा दावा सोडणे, असा अर्थ अनेकांनी घेतला, आणि आजोबा त्यांतलेच एक होते.

या मुलाला माग काढायला कोणी शिकवले, असे मी विचारले तेव्हा मला आजोबांचे किंवा एखाद्या चुलत्याचे नाव अपेक्षित होते. प्रत्यक्षात त्याला हे आजीने शिकवले. बेदुईनांत शेळ्यामेंढ्या वळण्याचे काम बहुधा बायकामुलांकडे असते, आणि हरवलेले जनावर शोधायला पुरुष घरी परतेपर्यंत थांबून चालत नाही. इस्रायलने १९५० मध्ये काळ्या शेळ्यांच्या चराईवर कडक बंधने घालणारा कायदा केला होता; शेळ्या रोपे खाऊन रान उजाड करतात, असे त्यामागचे कारण सांगितले गेले. २०१८ मध्ये तो रद्द झाला, कारण शेळ्या रानातले वाळके गवत-झुडूप खातात आणि त्यामुळे वणवे कमी होतात, असे तोवर लक्षात आले होते! मधल्या सुमारे सात दशकांत कळप मात्र घटत गेले. आजीकडे थोडी जनावरे उरली होती, त्यांच्या मागे हा मुलगा सहाव्या-सातव्या वर्षापासून फिरे, आणि कोणती शेळी पुढच्या डाव्या पायाने लंगडते, कोणती गाभण आहे, कोणत्या मेंढीला कळपाबाहेर चालण्याची खोड आहे, हे ती त्याला जनावर समोर नसताना, नुसत्या मातीवरून ओळखायला लावी. बहीणही त्याच्याबरोबर असे. पण ती सांगते की तिला दोन पावलांपुढे काही दिसत नसे, आणि त्याला मात्र सगळी वाट दिसे.

या विद्येविषयी मी बरेच विचारले, कारण तिच्याविषयी चमत्काराच्या सुरात बोलायची इथे सर्वांनाच सवय आहे आणि ती मला पटत नाही. ती निरीक्षणाची शिस्त आहे. ठसा वाचायचा तो सूर्य क्षितिजाजवळ असताना, कारण तिरप्या उजेडात ठशाच्या कडेची सावली लांब पडते आणि दुपारी सपाट वाटणारी माती तेव्हा उंचसखल दिसते; चालायचे ते ठशाच्या त्या बाजूने, की ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये राहील. ओझे घेतलेल्या माणसाची पावले आखूड आणि खोल पडतात. पळणाऱ्याचा चवडा रुततो आणि टाच जेमतेम टेकते. उलटे चालून फसवू पाहणाऱ्याची टाच अवाजवी खोल जाते, पावलांमधले अंतर कमी होते आणि माती उलट्या दिशेने ढकललेली दिसते. ठसा किती जुना, हे त्याच्या कडांवरून कळते: ताज्या ठशाची कड धारदार असते, वारा लागला की ती ढासळते, दव पडले की वर पातळ पापुद्रा धरतो. रात्रीच्या किड्यांची नक्षी ठशाच्या वरून गेली असेल तर माणूस किड्याच्या आधी गेला, आणि ठशाखाली दबली असेल तर नंतर. पलीकडून येणारेही हे जाणून असतात, म्हणून ते बुटांना मेंढीचे कातडे किंवा स्पंज बांधतात, मागचा माणूस पुढच्याच्या पावलात पाऊल टाकतो, शेवटचा फांदीने माती झाडत येतो. झाडलेली मातीही मात्र वाचता येते, कारण वाऱ्याने सपाट झालेली माती तशी दिसत नाही.

अरबांत या विद्येला मोठा जुना मान आहे. तिला 'कियाफा' म्हणत, आणि बनू मुदलिज ही टोळी तिच्यासाठी प्रसिद्ध होती. ६२२ मध्ये प्रेषित मुहम्मद मक्केहून मदिनेकडे निघाले तेव्हा बक्षिसाच्या आशेने त्यांचा माग काढत जो सुराका इब्न मालिक गेला, तो याच टोळीचा. आपल्याकडेही हे काम अनोळखी नव्हते. पेशवाईत आणि इंग्रजी अमलाच्या आरंभी गावात चोरी झाली की माग काढण्याची जबाबदारी रामोशी, महार किंवा भिल्ल जागल्यांवर असे. त्यांनी माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की पुढचा शोध किंवा भरपाई त्या गावाच्या माथी येई. ज्या रामोशांनी गावे राखली त्यांच्यावरच पुढे गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि आज तो समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. मी हे सहकारिणीला सांगितले तेव्हा तिला त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. तिच्या भावाच्या तुकडीतही सिनाईच्या सीमेवर तस्करांचा माग काढणारे आणि ज्यांचा माग काढायचा ते, कित्येकदा एकाच टोळीचे असत. तराबीन आणि अझाझमा या टोळ्यांची माणसे आज इस्रायल आणि इजिप्त या दोन्ही देशांत आहेत. सीमा त्यांच्या चराईच्या रानातून नंतर आखली गेली.

तो भरती का झाला, याचे घरात एकमताने दिलेले उत्तर नाही. आई म्हणते पगारासाठी. नेगेवच्या बेदुईन गावांत बेकारी मोठी आहे आणि अठराव्या वर्षी शाळा संपलेल्या मुलापुढे बांधकाम, मालमोटार किंवा पहारेकरी याखेरीज पर्याय थोडे असतात. लष्करात राहिले तर नियमित वेतन, पुढे पोलिसांत किंवा सुरक्षेच्या नोकरीत प्रवेश, आणि घराच्या जागेसाठी सवलत. बहीण म्हणते की हे सगळे खरे, पण त्याला आपण ज्या एका गोष्टीत इतरांपेक्षा चांगले आहोत ती करायची होती, आणि तिची किंमत करणारे दुसरे कोणीच गिऱ्हाईक नव्हते. वडिलांना वाटत होते की मुलगा गणवेशात असेल तर घरावर बुलडोझर येणार नाही. हा समज नेगेवमध्ये अनेकांचा आहे आणि तो खरा नाही. सैनिकांच्या आणि माजी सैनिकांच्या घरांनाही पाडण्याच्या नोटिसा आलेल्या आहेत.

बेदुईनांच्या या सेवेला परंपराही आहे. १९४८ च्या युद्धात उत्तर इस्रायलमधल्या गॅलिलीतील अल-हेब टोळीचे लोक ज्यू सैन्याच्या बाजूने लढले. नाऊरा गावचे अब्द अल-माजिद खिद्र हे अमोस यार्कोनी असे हिब्रू नाव घेऊन लष्करात अधिकारी झाले, नेगेवच्या सीमेवरील 'शाकेद' या गस्ती तुकडीचे त्यांनी नेतृत्व केले, आणि एका चकमकीत हात गमावल्यावरही ते सेवेत राहिले. १९९१ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे दफन तेल अविवच्या लष्करी दफनभूमीत झाले. त्यांचे चित्र भरती करणारे अधिकारी अजून दाखवतात. मला त्या कथेतले नाव बदलणे नेहमी खटकते. गौरव करायचा तर तो अब्द अल-माजिदचा करायला हवा होता, असे मला वाटते, पण सहकारिणीच्या भावाला ते खटकत नसे; त्याचे म्हणणे असे की कुंपणाजवळ कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही, सगळे त्याला 'गशाश' असेच म्हणत.

घरी येताना तो गणवेश बदलून येई. गावात कोणी त्याला उघड काही बोलले नाही, पण चुलत्यांपैकी एकाने त्याच्याशी बोलणे सोडले होते. त्या चुलत्याच्या बायकोचे माहेर १९४८ मध्ये गाझात गेलेले आहे. या भागातल्या कितीतरी कुटुंबांची तशी नाती आहेत. त्यामुळे तो ज्या पावलांचा माग काढत होता ती कोणाची असू शकतील, हा प्रश्न त्या घरात सर्वांना ठाऊक होता आणि कोणी विचारत नव्हते.

सैनिकांच्या बाजूने हे काम कसे दिसते, ते मला माझ्या शेजारच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, आजींकडून कळले. त्या अलिबागजवळच्या गावातून लहानपणी आईवडिलांबरोबर इथे आल्या, आणि अजूनही कोकणातल्या मराठीत बोलतात. त्यांचा मुलगा तरुणपणी गाझाच्या सीमेवर होता. "तो सांगायचा, गशाश पुढं गेला की आम्ही त्याच्याच पावलावर पाय टाकायचा, इकडंतिकडं नाय. तो थांबला की सगळी पलटण थांबली. तो बोलला चला, की चला. एवढी मोठी यंत्रं त्यांच्याकडं, पण पोरांचा जीव त्या अरबाच्या डोळ्यांत," असे त्यांनी सांगितले, आणि मग थोडे थांबून, "आणि त्याला सुट्टीत घरी जेवायला बोलावलं का कधी, तर नाय बोलावलं," असेही म्हणाल्या.

पहाटेच्या गस्तीला 'रस्ता उघडणे' म्हणतात. रात्री बंद ठेवलेला कुंपणालगतचा रस्ता, कोणी काही पेरून ठेवलेले नाही अशी खात्री करून, दिवसाच्या वाहतुकीसाठी खुला करायचा. माग वाचणारा आधी जातो, म्हणून बॉम्बही आधी त्याच्याच वाट्याला येतो. त्या सकाळी त्याने मातीत काही पाहिले आणि हात वर करून मागच्यांना थांबवले, एवढे त्याच्या तुकडीतल्या एका अधिकाऱ्याने घरी येऊन सांगितले. स्फोट त्यानंतर झाला. मागचे दोघे जखमी झाले आणि वाचले. लष्करी भाषेत याचा अर्थ त्याने आपले काम पूर्ण केले असा होतो, आणि त्या अधिकाऱ्याने तो अर्थ आईला सांगण्याचा प्रयत्नही केला, परंतु आईने त्याला मध्येच थांबवून कॉफी घ्यायला सांगितले.

दुःखाचा मांडव तीन दिवस असतो. पुरुष तंबूत, बायका घरात. मी बायकांत बसले होते. येणारी प्रत्येक स्त्री 'अल्लाह यरहमुह' (अल्लाह त्याच्यावर दया करो) म्हणते, बसते, बिनसाखरेच्या कडू कॉफीचा घोटभर पेला आणि एक खजूर घेते, आणि मग बराच वेळ कोणी काही बोलत नाही. आपल्याकडच्यासारखे आठवणी काढून रडणे तिथे कमी होते. लष्कराचे लोक आले तेव्हा तंबूतली काही माणसे उठून गेली, असे नंतर कळले. दफन टोळीच्या दफनभूमीतच झाले, बंदुकीच्या सलामीविना आणि ध्वजाविना, कारण वडिलांनी तशी विनंती केली होती. नमाज पढायला इमाम आला. तो यावा म्हणून आदल्या रात्री मोठ्या मंडळींना त्याच्याकडे जावे लागले होते. बेदुईन सैनिकाच्या अंत्यविधीला इमामाने नकार दिल्याच्या बातम्या इथल्या वृत्तपत्रांतून आलेल्या आहेत, त्यामुळे ही भीती निराधार नव्हती.

असे मृत्यू नवे नाहीत. ९ जानेवारी २००२ रोजी केरेम शालोमजवळच्या चौकीवर हमास या गाझातल्या सशस्त्र संघटनेच्या दोन बंदूकधाऱ्यांनी हल्ला केला आणि बेदुईन गस्ती पथकातले चार सैनिक मारले गेले. १२ डिसेंबर २००४ रोजी रफाहजवळच्या चौकीखाली बोगदा खणून स्फोट घडवला गेला. त्यात मेलेले पाच जण त्याच पथकातले होते. २००९ च्या जानेवारीत गाझातील तीन आठवड्यांचे युद्ध थांबून दहा दिवसही झाले नव्हते, तेव्हा किसुफीम नाक्याजवळ कुंपणाच्या कडेला स्फोट होऊन एक बेदुईन गशाश मरण पावला. गॅलिलीत हमोविल चौकाजवळ बेदुईन सैनिकांचे स्मारक आहे आणि त्यावर शंभराहून अधिक जणांची नोंद आहे. मृत्यूनंतरही नाव झाकावे लागणे ही गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत जड वाटते. यहुदी सैनिक मेला की संध्याकाळच्या बातम्यांत त्याचा फोटो, शाळा, छंद, मैत्रीण असे सगळे येते. बेदुईन सैनिकाच्या बाबतीत पुष्कळदा 'कुटुंबाच्या विनंतीवरून नाव दिलेले नाही' एवढेच येते, कारण नाव आले तर शेजारी त्याला गद्दार म्हणतील आणि नाव आले तरी सरकार गावात वीज आणणार नाही, हे दोन्ही कुटुंबाला ठाऊक असते.

पुढे यंत्रे आली. डिसेंबर २०२१ मध्ये गाझाभोवतीची पासष्ट किलोमीटर लांबीची नवी तटबंदी पूर्ण झाली, जमिनीखाली काँक्रीटची भिंत आणि वर संवेदक, कॅमेरे, रडार, दुरून चालणाऱ्या बंदुका. मातीचा पट्टा आणि गशाश हे आता जुन्या काळातले, असे म्हणणारे लोक मला विद्यापीठातही भेटले. ७ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी हमासच्या हल्ल्यात ती तटबंदी अनेक ठिकाणी फोडली गेली, आणि त्या दिवशी मारल्या गेलेल्यांत व ओलीस नेलेल्यांत नेगेवचे बेदुईनही होते. त्यानंतर काही महिने बेदुईनांविषयी इथे फार चांगले बोलले गेले. एप्रिल २०२४ मध्ये इराणने क्षेपणास्त्रांचा मारा केला तेव्हा इस्रायलमध्ये गंभीर जखमी झालेली एकमेव व्यक्ती म्हणजे अरादजवळच्या एका मान्यता नसलेल्या गावातली सात वर्षांची बेदुईन मुलगी होती. अशा गावांत सार्वजनिक निवारे नसतात आणि बेकायदा ठरलेल्या घरात सुरक्षित खोली बांधायलाही परवाना मिळत नाही.

सहकारिणीला आणखी एक भाऊ आहे, आता अठरा वर्षांचा, आणि बेअर शेव्यात वीजतंत्रीचे शिक्षण घेतो. आजी वारली तेव्हा तो लहान होता. उरलेली जनावरे त्यानंतर विकली गेली, त्यामुळे माग काढणे त्याला येत नाही. तरीही भरतीचे काम पाहणारा एक निवृत्त बेदुईन हवालदार घरी येऊन गेला. सेवेत असताना ज्याचे भावंड मरण पावले आहे अशा तरुणाला लढाऊ तुकडीत जायचे असेल तर आईवडिलांची लेखी संमती लागते, असा इथला नियम आहे. आईने सही करणार नाही असे त्या हवालदाराला तिथेच सांगितले. वडिलांनी तो कागद ठेवून घेतला आहे आणि मुलगा त्याविषयी काही बोलत नाही. बहिणीचे मत असे आहे की त्याने आधी परीक्षा द्यावी आणि मग जे ठरवायचे ते ठरवावे.